गुरुवारचा पिवळा दिवा

किल्ली फिरवली की माझ्या जुन्या गाडीच्या काचेखालचे सारे दिवे एकदम उजळतात आणि मग एकेक करून मावळू लागतात. आधी बॅटरीचा जातो, मग तेलाचा, हँडब्रेक सोडला की त्याचा. आणि सगळ्यांच्या मागे, मैफल संपली तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखा, इंजिनाच्या चित्राचा तो पिवळा दिवा रेंगाळत राहतो. त्याचा रंग ओल्या हळदीचा. वर्तकनगरच्या आमच्या इमारतीखाली, सकाळच्या कोवळ्या उन्हात, मी स्टिअरिंगवर हात ठेवून त्याच्याकडे टक लावून बसलेली असे. हा विझणार की नाही, या एवढ्याशा प्रश्नावर माझा अख्खा गुरुवार टांगलेला असे.

गाडी मी निवृत्त झाले त्या वर्षी घेतली, तीही दोघांनी वापरून झालेली. लग्न केलं नाही, त्यामुळे कुणाची परवानगी घ्यायची नव्हती. तरी ताईला विचारलं. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, शाळेतून निवृत्त झालेली, डोंबिवलीत एकटी राहते. भाऊजी गेले, मुलगा परदेशी. आठवड्याचे सहा दिवस माझा आवाज दूधवाल्याशी, लिफ्टमधल्या शेजाऱ्यांशी आणि रात्री फोनवर ताईशी जेमतेम चार शब्द बोलण्यापुरता लागतो. कधीकधी संध्याकाळी मी उगाच मोठ्याने काहीतरी वाचते, घसा आहे की नाही हे पाहायला. सातवा दिवस मात्र ताईचा. तिला घ्यायचं, माणकोलीच्या पुलावरून खाडी ओलांडायची, कोलशेतला पाण्याकडे तोंड करून गाडी उभी करायची, आणि तिने डब्यात आणलेले दडपे पोहे खात दुपार कलेपर्यंत बसायचं. एवढंच. पण एकट्या माणसाच्या आयुष्यात 'एवढंच' किती मोठी जागा व्यापून असतं, हे तुम्हांला मी काय सांगावं?

गेल्या उन्हाळ्यात हीच गाडी शिळफाट्यावर ऐन रहदारीत बंद पडली. मागे ट्रकांचे भोंगे, पुढे धूळ, आणि समोर तो दिवा. ताईने पदराने कपाळ टिपलं आणि शांतपणे म्हणाली, "कुंदे, हा दिवा पुन्हा दिसला ना, तर मी या गाडीत पाऊल ठेवायची नाही. सांगून ठेवते." ताईने सांगून ठेवलं म्हणजे ते दगडावर कोरलं. विशीत तिने कशावरून तरी रागावून चहातली साखर सोडली होती, ती अजून घेतलेली नाही. शिवाय तिची नजर अशी, की वर्गाच्या मागच्या बाकावरच्या वहीतली वेलांटीही तिच्या तावडीतून सुटत नसे. तेव्हा प्लग बदलले, दिवा गेला, आणि आमचे गुरुवार पुन्हा सुरळीत सुरू झाले.

संक्रांतीनंतर तो परत आला. सिग्नलला थांबलं की गाडी हिव भरल्यासारखी थरथरे, पुलाच्या चढावर दम खाई, आणि एखाद्या वेळी काही कारण नसताना गप्प होई. मी एक छोटंसं यंत्र आणलं. ते स्टिअरिंगखाली खोचलं की मोबाइलवर दोषाचा आकडा उमटतो. माझ्या गाडीचा आकडा सांगत होता की इंजिनात हवा जास्त जाते आहे आणि इंधन कमी पडतं आहे. त्या आकड्याच्या खालीच एक बटण होतं, पुसून टाकण्याचं. दाबलं, आणि दिवा गेला! दोष होता तिथेच होता, फक्त त्याची खूण गेली होती. मग दर गुरुवारी निघण्याआधी ते बटण दाबणं हा माझा नेमच झाला. खरं तर ही विद्या मला नवी कुठे होती? रोज रात्री ताईचा फोन येतो, ती विचारते, "बरी आहेस ना?" आणि मी म्हणते, "बरी आहे." मी विचारते, तीही तेच म्हणते.

कोलशेतच्या गावातच दत्तूचं गॅरेज आहे. आजोबांची मिठागरं होती, त्या घरच्या जमिनीवर आता हा गाड्यांची दुखणी काढतो. त्याने आपलं मोठं यंत्र लावलं, पडद्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळला.

"मावशी, तुमी कोड पुसून आणलाय."

मी कानावर हात ठेवले.

"मशीन सांगतंय ना. हिच्या सगळ्या तपासण्या अर्धवट हायेत, म्हणजे दोन दिवसांत कोणीतरी पुसलंय. दिवा लागतो तेव्हा गाडी सगळं टिपून ठेवते, वेग किती, गरम किती. तुमी पुसलं की ते पण गेलं. आता मी काय अंधारात चाचपडू? पुढच्या वेळेला लागला की तसाच ठेवा. पेटलेला घेऊन या."

साठी उलटलेल्या बाईने चोरी पकडली गेल्यावर करावा तसा चेहरा करून मी घरी आले. दत्तूचं म्हणणं पटत होतं. पण त्याला सवड गुरुवारीच, तेव्हा पेटलेला न्यायचा, म्हणजे ताईच्या डोळ्यांसमोर न्यायचा. आणि ती उतरली तर? गुरुवारही बाकीच्या सहा दिवसांत जाऊन मिसळला, तर मी वाट कशाची पाहू? भीती वाटली, साधी सरळ भीती वाटली.

त्या गुरुवारी मी बटण दाबलं नाही. डोंबिवलीत ताई फाटकाशी उभी होती. अलीकडे ती मवाळ झाली होती, आणि मला ते सुखावत होतं. माझ्या कुर्त्याच्या रंगाला नावं ठेवणं तिने सोडलं होतं, चालताना माझा दंड धरायची, वर्तमानपत्र बंद केलं होतं, म्हणायची, त्यात असतं काय. पोह्यांत मीठ दोनदा पडलं तरी मी बोलत नसे. म्हातारपणी माणसं मायाळू होतात, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

ती बसली. दिवा तिच्यासमोर ढळढळीत जळत होता. पूल आला, चढावर गाडीने आचका दिला, आणि मी श्वास रोखून तिच्या बोलण्याची वाट पाहू लागले. खाडी गेली, कशेळी गेली, ती काही बोलेना. कोलशेतला पाण्याकाठी गाडी थांबवली, इंजिन चालूच होतं. ताई पुढे झुकली, थेट त्या दिव्याकडे पाहिलं आणि समाधानाने म्हणाली, "बरं झालं बाई, परत लागला नाही तो."

मी तिच्याकडे पाहत राहिले. संक्रांतीपासून मी कुणापासून काय लपवत होते?

"ताई," मी म्हटलं, "दिवा लागलाय."

हातातला डबा तिने मांडीवर नीट ठेवला.

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून. आणि तुझं?"

"गणपतीपासून," ती म्हणाली. "मधलंच नेमकं दिसत नाही गं. कडेकडेचं दिसतं. पाणी दिसतं, झाडं दिसतात. तुझ्याकडे पाहिलं की तुझा चेहरा तेवढा नसतो. तुला सांगितलं असतं तर तू मला घेऊन हिंडायचं थांबवलं असतंस."

मला रडू आलं, आणि ते तिला दिसणार नाही या विचाराने जास्तच आलं.

दत्तूला रबराच्या नळीतली चीर दहा मिनिटांत सापडली, कारण या वेळी कुणी काही पुसलं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मात्र तसं झालं नाही; फार उशिरा आलात, म्हणाले. आहे तेवढं टिकवायचं, म्हणून गुरुवारची सकाळ आता दवाखान्याची. त्यानंतर आम्ही खाडीवर जातोच. निघताना मी किल्ली फिरवते, ताई माझ्याकडे तोंड करून थांबते, आणि मी तिला एकेक दिवा मोठ्याने सांगते: बॅटरीचा गेला, तेलाचा गेला, इंजिनाचा अजून आहे, थांब, गेला.