सुखदेवनं सुचवलेली ओळ

सुखदेव गेला. तोंडाचा कॅन्सर. सव्वीस वर्षांचा होता.

आणि त्याच्यासारख्या पोरांनी व्यसन करू नये म्हणून पोस्टर मी बनवलं होतं. हो, मीच.

मी तेव्हा बालगृहात समुपदेशक होते. अठरा पूर्ण झाली की पोरांना बाहेर पडावं लागायचं. आणि गोंदियात बाहेर पाऊल टाकलं की खर्रा. तंबाखू, सुपारी, चुना, पन्नीत घोटून तयार.
म्हणून जाणाऱ्या पोरांसाठी मेसेज तयार करायचं काम माझ्याकडे आलं.

मी कॉम्प्युटरवर मस्त कवटी बसवली. खाली लाल अक्षरांत, "व्यसनाला नाही म्हणा. घरच्यांचा विचार करा."

घरच्यांचा! बालगृहातल्या पोरांना! काय अक्कल माझी.

सुखदेव सहा महिन्यांपूर्वीच बाहेर पडून राइस मिलमध्ये हमाली करत होता. मत विचारायला मी त्याला गेटसमोरच्या चहाटपरीवर बोलावलं. त्यानं प्रिंट वाचली. खर्रा या गालातून त्या गालात सरकवला.

"मॅडम, नाही म्हनलं तं बसू कोठी?"

"म्हणजे?"

"मिलमंदी जेवाच्या सुट्टीत एकच पन्नी फिरते. जो घेते, तो त्याहिचा. मी आठ दिवस नाही म्हनलं. आठ दिवस एकटाच जेवलो. कोनी नाव बी नाही इचारलं."

"मग काय लिहू?"

"लिहा का, रविवारी इकडं जेवाले ये. एक दिवस तरी पन्नीबिगर बसाले जागा पायजे."

मी ती ओळ टाकली. वरून कात्री लागली. बाहेर गेलेल्यांना आत प्रवेश नाही, नियम आहे.
भांडले. मग नोकरी आठवली, गप्प बसले.
कवटी छापून आली.

नंतरही तो अधूनमधून रविवारी गेटबाहेर दिसायचा. मी गेटच्या आतून म्हणायची, "कमी कर रे."
तो म्हणायचा, "करून राहिलो, मॅडम." आणि हसायचा.
पुढे त्याचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. मग हसणंही गेलं.

सकाळपासून एकाच गोष्टीत अडकून पडलेय.

नियम बालगृहाला होता. माझ्या घराला कुठला होता?
गेटपासून पाच मिनिटांवर राहते मी. दर रविवारी घरी वरण-भात, वांग्याची भाजी असते. त्याला बोलावायला कोणाची मंजुरी लागत नव्हती.
मला सुचलंच नाही. खरं सांगू? सुचलं होतं. नको त्या भानगडी, असं वाटलं.

माफ कर रे सुखदेव. भरल्या मनानं निरोप.

तुझी ओळ शेवटी इथं लिहितेय.
रविवारी जेवायला ये.