वाईट बातमी सांगायला शिकवणाऱ्या हमीदा सिस्टर

हमीदा सिस्टर मूळच्या जळगावच्या, पिंप्राळ्याच्या. सगळी नोकरी धुळ्यातल्या एका खासगी रुग्णालयात गेली. अलीकडे त्या नव्या डॉक्टरांना आणि नर्सना वाईट बातमी कशी सांगायची ते शिकवत. स्वतः नातेवाईक होत आणि समोरच्याला डॉक्टर करत. कुणी म्हणालं, "आमचे प्रयत्न चालू आहेत," की त्या विचारत, "म्हणजे जगेल ना?" समोरचा गडबडून जाई. मग त्या सांगत, "गेली असेल तर गेली म्हणा. आणि त्यानंतर गप्प बसा."

एप्रिलमधली दुपार होती. साक्रीकडच्या एका खेड्यातली रत्ना बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावानं दगावली. बाळ वाचलं. रुग्णालयाच्या मॅनेजरनं तिच्यावर उपचार करणाऱ्या, सिस्टरांच्या वर्गात शिकलेल्या डॉ. पुनमला बजावलं, "आत्ता सांगू नका. नाशिकला हलवतोय म्हणा. जे व्हायचं ते वाटेत झालं, असं होईल."

खाली अंगणात साक्रीहून आलेल्या दोन जीपगाड्या उभ्या होत्या. माणसं सावली सोडून दाराशी सरकली होती. समोरच्या चहावाल्यानं स्टोव्ह बंद करून बाकडी आत घेतली.

हमीदा सिस्टर ड्यूटीवर आल्या तेव्हा पुनम जिन्यात उभी होती.

"सिस्टर, तुम्ही सांगाल का?"

"नाही बेटा. उपचार तू केलेस, तूच सांग. मी शेजारी बसते."

रत्नाचे वडील मगन आबा आणि नवरा झुलाल यांना खोलीत बोलावलं. बाकीचे दारात दाटले. आबा बसले, झुलाल उभाच राहिला.

"आबा, रक्त थांबलं नाही," पुनम म्हणाली. "रत्ना वारली."

पुनम पुढं काही बोलणार होती, पण सिस्टरांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"केव्हा?" झुलालनं विचारलं.

"तुम्ही खाली भाकरी खात होतात तेव्हा."

"मग इतका वेळ काय चाललं होतं?"

याचं उत्तर वर्गात कधी शिकवलं नव्हतं. दारातली माणसं एक पाऊल आत आली.

"आम्ही घाबरलो होतो," पुनम म्हणाली. "तेव्हाच सांगायला हवं होतं."

झुलालची मूठ वळली. तेवढ्यात मगन आबा खुर्चीला धरून उठले. "माले मन्ही पोर दखू द्या," ते हलकेच म्हणाले. गर्दीनं त्यांना वाट दिली. सिस्टर त्यांच्यासोबत रत्नाला ठेवलेल्या खोलीत गेल्या आणि त्यांनीच तिच्या तोंडावरची चादर बाजूला केली.

त्या दिवशी एकही काच फुटली नाही. बाळाला त्याच्या आजीच्या कुशीत दिलं आणि रत्नाला घेऊन गाड्या निघाल्या. मात्र निघताना झुलाल फाटकाशी थांबला. त्यानं पुनमला तिचं पूर्ण नाव विचारलं, मग गाव विचारलं. तिनं दोन्ही सांगितलं. तो मान हलवून गाडीत बसला.

आता पुनम येता-जाता फाटकाकडे बघते. पुढच्या वर्गात एका नव्या नर्सनं विचारलं, "सिस्टर, ते लोक परत आले का?"

"अजून नाही," हमीदा सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.