घरच्या कामाचा बायोडाटा

दूध प्लँटच्या प्रयोगशाळेत जागा निघाली, तेव्हा माझा बायोडाटा करून घ्यायला सासरे स्वतः माझ्याबरोबर संगमनेरला टायपिंगच्या दुकानात आले. केमिस्ट्रीची बीएस्सी मी. पण टायपिंगवाल्याशेजारची खुर्ची त्यांनी धरली आणि मी मागे उभी. टायपिंगवाल्यानं लग्नाच्या बायोडाटाचाच नमुना उघडला, कारण त्याच्याकडे रोज तेच येतं. मग काय, सांगणारा आणि लिहिणारा दोघंही खुशीत. जात, कुळी, उंची, बागायत जमीन, मामाचं गाव, सासरे सोसायटीचे माजी चेअरमन. दूध तपासायच्या नोकरीला मामाचं गाव कशाला लागतं, हे मला अजून कळलेलं नाही.

मी म्हटलं, आपल्या दूध संकलन केंद्राचं लिहा. लग्न झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ तिथल्या मशीनवर मीच बसते. दुधाची फॅट मोजते, पाणी घातलेलं दूध परत पाठवते आणि त्यापायी निम्म्या गावाची बोलणी खाते. सासऱ्यांनी मला हातानंच थांबवलं.

"ते घरचं काम हाय. घरच्या कामाला कुनी नोकरी म्हनतं व्हय?"

अनुभवाच्या रकान्यात 'निरंक' पडलं.

मुलाखतीत साहेबांनी कागद वाचून आधी सासऱ्यांची खुशाली विचारली. एवढी बागायत असताना नोकरी कशाला, हेही विचारलं. मग म्हणाले, पदवीनंतर इतकी वर्षं घरीच होतात? मी केंद्राचं सांगितलं, तर कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, इथं तर निरंक आहे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

आता पुन्हा जागा निघाली आहे. या वेळी मोबाईलवर मी स्वतःच बायोडाटा केला. मामाचं गाव उडवलं, जमीन उडवली, चेअरमन उडवले. केंद्राचं काम सगळ्यात वर घातलं. फक्त अनुभवाच्या दाखल्यावर सही हवी होती, आणि केंद्र सासऱ्यांच्या नावावर. संध्याकाळचं दूध आटोपल्यावर दाखला त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो सावकाश वाचला आणि घडी घालून खिशात टाकला.

"सही करीन गं, पन तू गेल्यावर मशीनवर कोन बसनार? बाहेरचं मानूस ठिवायचं म्हंजी पगार द्यावा लागंल."

"घरच्या कामाला?" मी विचारलं.

त्यांनी खिशाचं बटण लावलं. अर्जाची मुदत संपत आली आहे, आणि दाखला अजून त्यांच्याच खिशात आहे.