शाफ्टमधली जुनी भेग

आमच्या गोदीत योरूनला सगळे ‘नाहीबाई’ म्हणायचे. कुठलं पोलाद किती ताण सोसेल आणि कुठे मोडेल, याचा हिशेब करणं हे तिचं काम. आणि हिशेब करणाऱ्याच्या तोंडून ‘हो’ क्वचितच निघतं. मी यंत्रशाळेत पोलाद कापणारा. तिच्या ‘नाही’पायी माझी कित्येक कामं दुप्पट झाली, आणि तिला शिव्या घालण्यात मी कधी कसूर केली नाही.

त्या शरदात स्कारव्हो बेटाची फेरीबोट तपासणीला आली. बोटीचा पाण्यातला पंखा फिरवणाऱ्या शाफ्टला, म्हणजे लांब पोलादी दांड्याला, पंखा घट्ट धरणारी चावी नावाची पट्टी बसवायची खाच असते. तिच्या कोपऱ्यावर लाल रंग फासून पुसला, तर भेगेची केसासारखी रेघ मागे राहिली. नवा शाफ्ट हिवाळा सरेपर्यंत मिळणार नव्हता, आणि वादळी समुद्रात जाऊ शकेल अशी दुसरी बोट बेटाला नव्हती. योरूनचे वडील तोरमोड त्याच बेटावर एकटे राहायचे. त्यांचं हृदय अधू होतं.

फेरीबोटीचा कप्तान हालवार तोरमोडचा बालमित्र. हालवारचा मुलगा आस्लाक त्याच बोटीवर यंत्रखोली सांभाळायचा. भेग जुनी आहे, आम्ही तिच्यासकट कित्येक हिवाळे काढलेत, असं हालवारचं म्हणणं.

योरूनने कॅन्टीनमध्ये त्याच्यासमोर कडक पाव मोडला. दोन्ही तुकडे पुन्हा जुळवून दाबले आणि पिळले. खडबडीत तोंडं एकमेकांत अडकली, सरकेनात.

“नुसता पीळ बसला तर भेग अशी स्वतःलाच धरून ठेवते,” ती म्हणाली. “म्हणून ती इतकी वर्षं थांबली असेल. पण मोठ्या लाटेवर बोट चढली की शाफ्ट थोडा वाकतोही.” तिने तुकडे जरासे वाकवले. मधे फट पडली. “मग धरायला काही उरत नाही, काका.”

“पोरी, तुझा बाप आहे तिकडे.”

“म्हणूनच पुन्हा पुन्हा मोजलं.”

योरूनच्या ‘नाही’मुळे बोट धक्क्याला बांधली गेली. बदली म्हणून आलेली लाँच वारा उठला की बंद. ती वडिलांकडे गेली की बेटावरच्या दुकानात लोक तिच्याकडे पाठ फिरवू लागले. तोरमोड मात्र फोनवर तिला चिडवायचे. “माझ्याही हृदयाला भेग आहे म्हणतात. मलाही बांधून ठेवतेस का?” ती हसायची, आणि फोन ठेवला की पुन्हा शाफ्टचे आकडे काढून बसायची.

जानेवारीतल्या वादळात तोरमोडच्या छातीत कळ आली. लाँच निघू शकली नाही, हेलिकॉप्टर अर्ध्यातून परतलं. वारा पडेपर्यंत ते गेले होते. दफनाच्या वेळी हालवारने तिच्याशी हातही मिळवला नाही. मला त्याचा संताप आला, आणि खरं सांगायचं तर तिचाही आला.

नवा शाफ्ट आला तेव्हा जुना माझ्याकडे कापायला आणला. योरून शेजारी उभी होती, हालवारही. मी भेग उघडली. आतली दोन्ही तोंडं एकमेकांवर घासून चकचकीत झाली होती, टोक जुनं, काळवंडलेलं. भेग पुढे सरकल्याची ताजी खूण कुठेच नव्हती. खोटं बोलावं असं माझ्या मनात आलं, पण तिला ते दिसत होतंच.

“म्हणजे टिकला असता,” हालवार म्हणाला.

“साध्या समुद्रात, हो. त्या रात्री टिकला असता का, ते मला माहीत नाही. कधीच कळणार नाही.”

“मी निघालो असतो, योरून. तोरमोडसाठी असल्या वादळातसुद्धा निघालो असतो.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “आणि त्या रात्री खाली यंत्रापाशी कोण असतं?”

बाहेर बोटीच्या पोटात आस्लाक नवा शाफ्ट बसवत होता, आणि त्याची बेसूर शीळ आमच्यापर्यंत ऐकू येत होती. हालवार ती ऐकत राहिला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि योरूनचा हात हातात घेतला. वडील गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडली.