काळ्या हाताची बाई

यंदा जळगावात पटकीची साथ आली आणि नगरपालिकेने शाळाशाळांतून मुलांना लस टोचायला सुरुवात केली. नोकरी संपल्यापासून मी माझ्या भाचीकडे राहतो. तिची धाकटी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्या शाळेतून चिठ्ठी आली, ती मी वाचून दाखवली. भाची कणीक मळत होती. मळता मळताच तिने मान हलवली.

"नाही मामा. मंगळवारी मी तिला शाळेत पाठवणारच नाही."

"का गं?"

"टोचल्यावर काय होतं ते मला ठाऊक आहे. एका बाईचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत काळा पडला होता. चौथ्या दिवशी गेली ती. दोन लेकरं होती, त्यातलं एक अंगावर पिणारं. आई सांगायची."

चिठ्ठी माझ्या हातात तशीच राहिली. मुलीने विचारले, "आजोबा, काय झालं?" मी काही नाही म्हणालो आणि ओसरीवर जाऊन बसलो.

त्या बाईला मी ओळखत होतो. पस्तीस वर्षांपूर्वी धरणगावच्या बाजारात, एका दुकानाच्या ओट्यावर बसून, मीच तिला जन्माला घातले होते. अशी बाई कुठेच नव्हती.

हे मी सावकाश लिहितो आहे. यातली दोन-तीन वाक्ये इतकी वर्षे मी मनातसुद्धा पुरी केली नव्हती.

त्या वेळी मी धरणगावला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. वय वीस-एकवीस. बाजारपेठेत एका मारवाडी शेठचे कापसाचे दुकान होते. शेठ एक साप्ताहिक मागवत, ते कापसाच्या भावासाठी. भाव पाहून झाले की अंक माझ्याकडे येई. बाजाराच्या दिवशी दुपारी आसपासच्या खेड्यांतले शेतकरी गाड्या सोडून ओट्यावर जमत आणि मी त्यांना पेपर वाचून दाखवी. त्याची एक पद्धत पडली होती. बातमी आधी जशी छापली तशी वाचायची, मग अहिराणीत उलगडून सांगायची. छापील मराठी म्हणजे कचेरीची भाषा; ती निम्म्या माणसांच्या डोक्यावरून जाई. मी उलगडायला लागलो की मात्र सगळे पुढे सरकत.

त्या ओट्यावर जगातल्या प्रत्येक गोष्टीचा निकाल लागे. विमान उडाल्याची बातमी वाचली, तेव्हा एकाने विचारले, "मास्तर, त्या इमानले बैल कोठे जुपतस?"

"बैल नही रे येडा, त्यामा तेल टाकतस," दुसरा म्हणाला.

शेठ गादीवरून म्हणाले, "उडेल हो, उडायला काय लागतं! उतरेल कुठे ते सांगा. तुझ्या वावरात उतरू देशील?"

"कपाशी काढी लिधी का मंग उतरू द्या!"

राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेणार असे वाचले, तर एका म्हाताऱ्या आबांना ते काही केल्या पटेना. "राजधानी लई जातस म्हणजे काय? गाडामा टाकीसन?" ते पुन्हा पुन्हा विचारत. खुनाची बातमी असली तर मी शेवटापर्यंत पोचायच्या आत खुनी कोण हे तिघांनी तीन प्रकारे सांगितलेले असे.

पण हसण्याच्या जागा संपल्या की एक प्रश्न यायचाच. "कोन गावना? कोनना पोऱ्या? मांगे कोन शे त्यान्ह?" आमच्याकडे कुणी गेल्याचे कळले की माणूस आधी हेच विचारतो. गाव नाही, आईबाप नाहीत, मागे कुणी नाही, अशा मेलेल्या माणसासाठी हळहळायचे तरी कसे? आणि पेपरात नेमके हेच नसे. "एक इसम," "काही लोक," "एक स्त्री," एवढेच छापलेले असे. मी "दिलेलं नाही" म्हणालो की ओट्यावरची माणसे माझ्याकडे अशी पाहत, जणू मी काहीतरी लपवतो आहे.

म्हणून मी देऊ लागलो. पहिल्यांदा दिले ते आठवते. दूर कुठेतरी विहिरीत पडून एक माणूस गेला होता. मी सांगितले, मागे तीन पोरी आहेत, धाकटीचे लग्न ठरले होते. ओट्यावर सगळ्यांनी च् च् केले. आबांनी डोळे पुसले. कुणाचे काही बिघडले नाही. उलट एक जण म्हणाला, "मास्तर वाचतस तव्हय डोळासमोर दिसस." मला ते आवडले. मी पुस्तके वाचणारा, चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस. त्या ओट्यावर मात्र लोक माझ्याकडे पाहत थांबत.

राजधानीची बातमी आली त्याच हिवाळ्यात प्लेगच्याही बातम्या यायला लागल्या. एका अंकात कोपऱ्यात चार ओळी होत्या. परप्रांतात प्लेगची लस टोचून घेतलेल्या एका इसमास ताप येऊन चौथ्या दिवशी देवाज्ञा झाली. मृत्यू लशीमुळे झाला की काय, याचा तपास चालू आहे. मी वाचले, उलगडून सांगितले. आबांनीच विचारले, "बाई का माणूस?"

मी म्हणालो, "बाई."

"लेकरं?"

"दोन. एक अंगावर पिणारं."

"आन कशी मरनी?"

मी क्षणभर थांबलो. तो क्षण मला अजून जसाच्या तसा दिसतो. समोर चाळीसेक माणसे, गाडीच्या बैलांच्या घंटा, शेठनी हातातला तराजू खाली ठेवलेला. मी म्हणालो, जिथे टोचले तिथून हात काळा पडत गेला, खांद्यापासून पार बोटांपर्यंत.

कुणी च् च् सुद्धा केले नाही. लोक उठले आणि गाड्या जुंपायला लागले.

महिन्याभराने शाळेत हुकूम आला, मास्तरांनी टोचून घ्यावे. मी घेतले. एक दिवस ताप आला, दंड दुखला, संपले. त्याच सुमारास एरंडोलच्या वाटेवरच्या एका खेड्यात उंदीर मरून पडायला लागल्याचे कळले. त्या गावात माझी अक्का दिलेली होती.

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून मला तिनेच वाढवले. शाळेत पहिला आलो की आपल्या सासरच्या गावभर सांगायची. मी रविवारी सकाळी तिच्याकडे चालत गेलो. गावातली घरे रिकामी होऊ लागली होती. लोक शेतात झोपड्या घालत होते. अक्काही झोपडीपुढे चूल मांडत होती. पाच वर्षांची भाची काटक्या आणून देत होती, धाकटा झोळीत होता. मी म्हणालो, बुधवारी डॉक्टर येणार आहेत, तू आणि मुले टोचून घ्या.

ती हसली. "नही रे भाऊ. ती बाईना हात काया पडी गयथा ना? तिले दोन लेकरं व्हतात. माले बी दोनच शेतस."

मला आधी कळलेच नाही ती काय म्हणते आहे. मग कळले. माझे वाक्य तीन कोस चालून माझ्या आधी तिच्या झोपडीत येऊन बसले होते.

"तुला कुणी सांगितलं?"

"यास्नीच सांगं. बाजारमा ऐकी उनात," तिने मेहुण्यांकडे हात केला. मग अभिमानाने म्हणाली, "तूच वाचं व्हतं ना? मन्हा भाऊनी वाचेल शे म्हणीसन बठ्ठा गावले सांगं मी."

मी तिला खरे सांगितले. तिथल्या तिथे, काही न लपवता. म्हणालो, अक्का, ती बाई नाही. ते मी लावून सांगितलं. पेपरात फक्त एक इसम गेला असं होतं, आणि तोही लशीनेच गेला असं नव्हतं.

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "माले धीर देवाकरता खोटं बोली ऱ्हायना. तुले कधी खोटं बोलता येस का? लहानपनबी येत नव्हतं."

मेहुणे म्हणाले, "छापेल गोट खोटी ऱ्हास का मास्तर?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी शेठकडे गेलो. ते जुने अंक भावांसाठी फडक्यात बांधून ठेवत. गठ्ठा सोडून मी तो अंक शोधला, शेठना सगळे सांगितले. ते म्हणाले, "मास्तर, मी तर घरात सुनेलाही नको म्हणालो." तो अंक घेऊन मी पुन्हा चालत गेलो. अक्कासमोर त्या चार ओळी बोट ठेवून वाचल्या. तिला वाचता येत नव्हते, मेहुण्यांनाही नाही. त्या गावात वाचता येणारा एकही माणूस नव्हता. म्हणूनच तर माझे बोलणे तिथे एवढे मोलाचे होते.

अक्काने शांतपणे ऐकले. "त्या दिन येगळं वाचं, आज येगळं वाचस. मी कोनतं खरं मानू?"

मी खूप बोललो. माझा दंड दाखवला. शेवटी माझे मन राखायला ती म्हणाली, "बरं. आखाजीले माहेरले येसू ना, तव्हय तठेच टोची लिसू. तुन्हा समोर. मंग झाय ना?"

बुधवारी डॉक्टर त्या गावात येऊन गेले. एकानेही हात पुढे केला नाही. अक्काखेरीज त्या गावातली किती माणसे त्या साली गेली, हे मी कधी विचारले नाही. विचारायला हवे होते.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दहा दिवस होते. सकाळी मेहुण्यांचा भाऊ बोलवायला आला. मी पोचलो तेव्हा अक्का झोपडीत पडली होती. तिच्या काखेत गाठ आली होती आणि अंग इतके तापले होते की शेजारी बसले तरी जाणवे. मुलांना दुसऱ्या वावरात नेले होते. तिने मला ओळखले. उजवा हात उचलायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा मीच तो उचलून धरला.

"भाऊ, दख. मन्हा हात काया पडना का?"

तिला कुणी टोचलेले नव्हते.

मी म्हणालो, "नाही अक्का. हात चांगला आहे."

"मंग बरं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ती गेली. धाकटा त्याच पावसाळ्यात तापाने गेला. भाचीला मी माझ्या घरी आणले.

ओट्यावर मी पुन्हा वाचायला बसलो, पण छापले असेल तेवढेच वाचू लागलो. कुणी "कोन गावना?" विचारले की "दिलेलं नाही." चार बाजार लोक आले, मग पांगले. पुढच्या गल्लीत एक कारकून वाचायला बसू लागला. तो चांगला उलगडून सांगतो असे ऐकले. नंतर महायुद्ध झाले, दुसरे झाले, रेडिओ आला. गेल्या वर्षी एका बाँबने सबंध शहर जळाल्याचे हॉटेलात ऐकले. शेजारचा माणूस म्हणाला, "मास्तर, तिथली माणसं कशी मेली असतील?" मी चहा तसाच ठेवून उठलो.

भाचीला मी एवढेच सांगत आलो होतो की तुझी आई प्लेगने गेली. ते खोटे नव्हते. पण त्या दिवशी ओसरीवर बसलो असताना माझ्या लक्षात आले, की त्या बाईने अक्का नेली आणि आता ती या नऊ वर्षांच्या मुलीच्या दारात उभी आहे. मी आत गेलो. भाचीला म्हणालो, हात धू आणि बैस. मग वर लिहिले आहे ते सगळे तिला सांगितले.

मी थांबल्यावर तिने मान वर केली. मला वाटले, ती आईबद्दल बोलेल. ती म्हणाली,

"मग आखाजीला मी कुणाच्या नावानं पाणी ठेवते?"

आखाजीला आमच्याकडे घागर भरून गेलेल्या माणसांच्या नावाने पाणी ठेवतात. भाचीच्या घागरीशेजारी दर वर्षी एक लहान भांडे जास्तीचे असते, हे मी पाहिले होते. ते तिच्या धाकट्या भावाचे असेल, असे मी धरून चाललो होतो.

"झोपडीत असताना आईनं सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्या बाईची लेकरं लहान, तिला कोण पाणी देणार? मोठी झालीस की तिच्याही नावानं ठेवत जा. मी ठेवत आले, मामा. इतकी वर्षं. कोण होती ती?"

आबांनी "लेकरं?" असे विचारले होते तेव्हा मी "दोन" का म्हणालो, "एक अंगावर पिणारं" का म्हणालो, हे मला तोवर कधी उमगले नव्हते. आई नसलेल्या माणसाने तरुण आई जवळून पाहिलेली ती एकच, अक्का. डोळ्यासमोर दुसरे कोण येणार होते?

"तुझी आईच होती," मी म्हणालो.

भाची उठून आत गेली. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही, रात्रीही नाही. मंगळवारी सकाळी तिने मुलीची वेणी घातली, तिला सैल बाहीचे पोलके चढवले आणि स्वतः शाळेपर्यंत गेली.

मुलगी रडत घरी आली. दंड सुजला होता, लाल झाला होता. भाची दर थोड्या वेळाने तिची बाही वर करून उजेडात हात पाहत होती. मला ठाऊक होते की काळ्या हाताची बाई मी रचलेली आहे. तरी तिसऱ्या दिवशी सूज उतरेपर्यंत भाचीच्या खांद्यावरून मीही तो हात पाहत होतो.