नौवाराच्या उवा

कैरुआन शहरात आमच्या गल्लीत मन्नूबिया गालिचे विणायची. नवरा वारल्यापासून घरात ती, तिचा माग आणि चौदा वर्षांची मांजर नौवारा, एवढेच.

त्या वसंतात नौवाराची रया गेली. केस गुंतले, पाठीवर टक्कल पडलं, दिवसभर खाजवत बसायची. शेजारच्या हलीमानं उन्हात तिचे केस बाजूला करून पाहिले. मुळाशी पिवळट ठिपके हळूहळू सरकत होते.

"उवा झाल्यात गं हिला. लोकरीत शिरल्या तर तुझा गालिचा कोण घेणार? सोडून ये हिला बाजारात. नाहीतर रॉकेल चोळ."

"रॉकेल तुझ्या सासूला चोळ," मन्नूबिया म्हणाली. पण धास्ती बसलीच. तिचं स्वतःचं डोकं खाजू लागलं. हलीमानं कुत्र्याच्या उवा मारायच्या औषधाची बाटली आणून दिली, तेव्हा तिनं ती पिशवीत टाकली, मांजर टोपलीत घातली आणि मला बरोबर घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी बाटली वाचून बाजूला ठेवली. "बरं झालं हे लावलं नाहीत. कुत्र्याच्या या औषधानं मांजर झटके येऊन मरते."

"आणि माझी खाज?"

"ती मनाची, मावशी. मांजराच्या उवा माणसावर टिकत नाहीत." मग त्यांनी नौवाराचं तोंड उघडलं. हिरडी सुजली होती, एक दाढ सडलेली. "तोंड दुखतं म्हणून ही अंग चाटत नाही. म्हणून उवा माजल्या."

मन्नूबियानं नौवाराला पुन्हा टोपलीत ठेवलं. वाटेत म्हणाली, "दोन महिने खाताना मान वाकडी करत होती. मला वाटलं, म्हातारपणी नखरे सुचले."

मांजराचं औषध मानेवर थेंब थेंब सोडलं. आठवड्यानं डॉक्टरांनी दाढ काढली. मन्नूबिया तिचं अंथरूण गरम पाण्यात धुवायची, रोज बारीक फणीनं लिखा काढायची. उरल्यासुरल्या लिखांतून नव्या उवा निघतात म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी औषध पुन्हा सोडलं.

गालिचा घ्यायला आलेल्या बाईंना तिनं आपणहून सगळं सांगितलं. त्या बिचकल्या, महिन्यानं येते म्हणाल्या. आल्या मात्र.

तोवर नौवाराच्या पाठीवर मऊ लव उगवली होती. एका दुपारी ती उंबऱ्यावर बसून पाय चाटू लागली. मन्नूबियानं हातातला धागा तसाच धरला आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसली.