उचगावच्या ऑफिसातला फीड रीडर

चार माणसं वर्षानुवर्षं एका पंख्याखाली बसली की किस्से साचतातच. आमचे बरेचसे एका फालतू प्रश्नावरून साचले: लिनक्सवर बातम्या वाचायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं?

आम्ही उचगावात कारखान्यांच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर करतो. मालक बाळासाहेब, इराण्णा, संघमित्रा आणि मी. सगळ्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स. एके दिवशी बाळासाहेबांनी मोबाईल टेबलावर आपटला. "मी काय वाचायचं ते ह्यो डबा ठरवतोय! आपलं आपण ठरवून वाचायची काय सोय हाय का न्हाय?"

"हाय की," मी म्हणालो. "फीड रीडर. आवडत्या साइटचे पत्ते एकदा द्यायचे. तिथं नवीन काही आलं की तो आणून समोर ठेवतो."

"मग एकच निवडा. सगळ्यांना त्योच!"

झालं! तीन आठवडे नुसती भांडणं.

*

इराण्णा सीमेवरच्या खेड्यातला, निम्मं कानडी बोलणारा. त्यानं टर्मिनलवर चालणारा रीडर लावला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. मराठी बातमी आली की वेलांट्या एकीकडं आणि अक्षरं दुसरीकडं!

"इराण्णा, ह्यो पेपर हाय की फुटकी पाटी?" बाळासाहेब म्हणाले.

त्यात त्यानं पत्ता घातलेला एकच. त्याच्या गावच्या शाळेच्या साइटचा. दोन वर्षं तिथं काही हललेलं नव्हतं. एका दुपारी ओळ उमटली: 'आज दुपारनंतर शाळेला सुट्टी.'

इराण्णानं मशीन बंद केलं, पिशवी खांद्याला लावली.

"कुठं निघालास रं?"

"सर, शाळेला सुट्टी हाय!"

बेचाळीस वर्षांचा माणूस! बाळासाहेब अडवायला उठले, खिडकीपर्यंत गेले आणि तिथंच थांबले. "जाऊ दे," म्हणाले. "पळत गेला बघ."

*

संघमित्राला रंग, रूप, कशाचंच पडलं नव्हतं. प्रत्येक रीडर उघडून दाखवला की तिचा एकच प्रश्न. "ह्यात लिहिणाऱ्याला आपलं नाव कळतं?"

"न्हाय."

"नक्की?"

"नक्की. पण का?"

वारणानगरच्या हॉस्टेलात तिची एक मैत्रीण होती. चार वर्षं एका ताटात जेवल्या. मग कशावरून तरी बिनसलं, आणि सहा वर्षं बोलणं बंद. ती मैत्रीण आता पुण्यात गच्चीवरच्या झाडांविषयी ब्लॉग लिहिते.

एकदा संघमित्रा स्क्रीनकडं बघून एकटीच हसत होती.

"काय झालं?"

"तिच्या मोगऱ्याला कळी आली."

"मग फोन करून सांग की, बरं वाटलं म्हणून!"

"तिनं आधी बोलायचं!" असं म्हणून तिनं तोच फोटो पुन्हा उघडला.

*

बाळासाहेबांची लेक फिनलंडला. फोनवर 'बरी आहे' एवढंच सांगते, पण ब्लॉगवर मात्र भरभरून लिहिते. बर्फ, बाजार, शेजारची म्हातारी, सगळं. बाळासाहेबांना रीडर हवा होता तो त्यासाठी. हे आम्हाला तेव्हा कळलं, जेव्हा तिचा ब्लॉग त्यात यायचा बंद झाला.

त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन 'दर मिनिटाला तपासा' करून ठेवलं होतं! दोन दिवसांत तिच्या सर्व्हरनं आमच्या ऑफिसला दारच बंद केलं.

इराण्णा म्हणाला, "सर, लेकीच्या घरची कडी मिनिटामिनिटाला वाजवली तर कोण उघडंल?"

बाळासाहेबांनी लगेच सेटिंग उघडलं. दिवसातून एकदा, सकाळी दहाला, असं त्यांनी स्वतःच्या हातानं लावलं. तेव्हापासून दहाला त्यांना कुणी हाक मारत नाही. शेवटी सगळ्यांसाठी निवडला तोही त्यांचाच साधा तीन रकान्यांचा रीडर, कारण त्यात अक्षरं मोठी करता येतात.

*

माझी जुनी यादी त्यात आणली, तर निम्म्या पत्त्यांपुढं लाल फुली. साइटच मेलेल्या. पण एक ब्लॉग नुसता गप्प होता, अकरा वर्षं. कुरुंदवाडचे एक निवृत्त मास्तर कृष्णेविषयी लिहायचे. नावा, मासे, पूर. कॉलेजात असताना मी त्यांचं अक्षर न् अक्षर वाचलेलं. शेवटचा लेख होता: 'पूर आलाय. उतरला की कळवीन, वाचणाऱ्या सगळ्यांनी चहाला या.'

मागच्या वर्षी एका दुपारी त्यांच्या नावापुढं नव्या लेखाचा 'एक' आकडा आला. उघडलं. एकच ओळ:

'पाणी उतरलंय. या आता.'

खाली उत्तर लिहायला जागा नव्हती. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"बघत काय बसलायसा?" बाळासाहेब गाडीची किल्ली घेऊन उठले.

कुरुंदवाडात नदीच्या घाटाच्या वाटेवर, उजव्या हाताला निळ्या दाराचं घर, असं त्यांनीच कधीतरी लिहिलं होतं. दार उघडंच होतं. उंबऱ्यात एक काटकुळे म्हातारे बसलेले. मी नाव सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी हातानंच थांबवलं. आम्हा चौघांकडं एकेक करून पाहिलं. मग आमच्यामागच्या रिकाम्या रस्त्याकडं, आणखी कुणी येतंय का म्हणून.

आणि आत वळून ओरडले, "अगं ए, च्या टाक! चौघंच हायत, पर आल्यात!"